रशियन घरी पहिल्यांदा जेवायला जाताना

सांगलीच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: त्यांची मुलगी रशियात कझानला डॉक्टरकीचं शिकते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नवरा-बायको तिला भेटायला निघालेत, आणि तिच्या तिथल्या मैत्रिणीच्या आईने शनिवारी घरी जेवायला बोलावलं आहे. दोघंही शाकाहारी, दारू घेत नाहीत. बायकोच्या मनात त्या बाईंना पैठणी द्यायची आहे. जेवणाची पंचाईत नको म्हणून हॉटेलात जेवून मग तासभर जाऊन आलं तर चालेल का, आणि मुलीच्या डीनसाठी काही न्यावं का, असंही त्यांनी विचारलंय.

आधी तासाभराचंच बोलू. हॉटेलात जेवून जाऊ नका. पोट रिकामं ठेवून जा आणि त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका. रशियन माणूस ओळखीपाळखीच्या लोकांना कॅफेत भेटतो, बागेत भेटतो. घरी बोलावतो ते मोजक्यांना. आणि एकदा बोलावलं की घरातली बाई आदल्या दिवसापासून स्वयंपाकाला लागते. तिला पाहुण्यांकडून हवं असतं ते एवढंच, की त्यांनी निवांत बसावं, खावं, बोलावं. भेटवस्तू हा त्यातला लहानसा भाग. दुभाषी म्हणून आपल्याकडच्या पाहुण्यांबरोबर अशा घरांत जाऊन बसणं हे माझं कामच आहे, आणि आपली माणसं बहुतेक वेळा नेमकं उलटं करतात. हातात भल्यामोठ्या पिशव्या, आणि तासाभरात “बरं, निघतो आता.” वस्तू घेताना ती बाई अवघडते आणि निरोप देताना खट्टू होते.

म्हणून पैठणी नको. तुमच्या बायकोचा हेतू मला कळतो, पण पहिल्याच भेटीत एवढं महाग काही दिलं की समोरच्याला परतफेडीची चिंता लागते. शिवाय ती नेसायची कशी, कुठे, हा प्रश्न त्या बाईंपुढे कायमचा राहील आणि पैठणी कपाटात पडून राहील. त्याऐवजी पैठणीच्या काठाची ओढणी किंवा एखादी चांगली शाल न्या. नक्षीदार शालींचं तिथे प्रेम आहे. मॉस्कोजवळच्या पाव्लोव्स्की पोसादच्या फुलाफुलांच्या लोकरी शाली देशभर ओळखल्या जातात. भारतातून आलेली शाल थंडीत खांद्यावर येईल, शेजारणीला दाखवली जाईल. हातरुमालाचा सेट मात्र देऊ नका, रुमाल दिला की रडू येतं असं मानतात. सुरी-चाकू, घड्याळ आणि रिकामं पैशाचं पाकीट यांनाही काट मारा. चामड्याचं पाकीट द्यायचंच असेल तर आत एखादी नोट ठेवून द्यावं. चाकू दिलाच गेला, तर घेणारा देणाऱ्याच्या हातावर एक नाणं ठेवतो, म्हणजे तो ‘विकत घेतला’ असा हिशेब होतो. या समजुतींवर तरुण मंडळी हसतात, पण पाळतात.

भारतातून न्यायची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे चहा. सोव्हिएत काळात पाकिटावर हत्तीचं चित्र असलेला ‘भारतीय चहा’ मिळायचा. त्यात जॉर्जियाचाही चहा मिसळलेला असे, पण नाव भारताचं होतं आणि सहज मिळत नसल्याने त्याचं अप्रूपही होतं. पन्नाशी-साठीच्या रशियन माणसाला तो हत्ती हमखास आठवतो. आसाम किंवा दार्जिलिंगचा लांब पानांचा काळा चहा घ्या, आपली दाणेदार पावडर नको. ती दूध-साखरेत उकळायला ठीक, तिथे चहा तसा करत नाहीत. काजू न्या, काजूकतलीही आवडते. लोणावळ्याची चिक्की दिलीत तर त्यांना ओळखीची वाटेल, कारण सूर्यफुलाच्या बियांची अशीच वडी तिथे दुकानात मिळते. तासगावचे बेदाणे तुम्हाला न्यावेसे वाटतील, पण तिकडे उझबेकिस्तानचे बेदाणे बाजारात ढिगाने असतात. भडंग तुमच्या लेकीसाठीच राहू द्या, त्या घरी तिखट कुणाला झेपायचं नाही. देवाची मूर्ती टाळा. घर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती असो की मुस्लीम, तिचं करायचं काय हा पेच पडतो.

हे सगळं बॅगेतलं. पण दारात उभं राहताना हातात दोन गोष्टी तिथल्याच घेतलेल्या असाव्यात: घरातल्या बाईसाठी फुलं आणि चहाबरोबर खायला काहीतरी गोड. रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जात नाहीत, हा नियम इतका अंगवळणी पडलाय की शेजारीण पाच मिनिटांसाठी डोकावली तरी बिस्किटांचा पुडा घेऊन येते. गोडात केक, चॉकलेटचा डबा, फळांच्या गराची पास्तिला, काहीही चालतं. घरात लहान मूल असेल तर त्याच्यासाठी वेगळं चॉकलेट हवं. ‘आल्योन्का’, म्हणजे वेष्टनावर डोक्याला रुमाल बांधलेल्या गोबऱ्या मुलीचं चित्र असतं ते, कुठल्याही दुकानात मिळेल. आणलेला केक बहुधा त्याच दिवशी चहाच्या वेळी कापून सगळ्यांपुढे येतो. तो लगेच कापला म्हणून वाईट वाटून घेऊ नका, तो आणतात त्याचसाठी. मात्र तुम्हाला तो खायचा असेल तर अंडं आणि जिलेटिन बघून घ्या. तिथल्या बऱ्याच गोड पदार्थांत दोन्हीपैकी एक तरी असतं.

फुलांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गडबड होते ती इथे. संख्या विषम हवी: तीन, पाच, सात. सम संख्येची फुलं मृतांसाठी नेतात. दुकानात फुलं नगावर विकली जातात. विकणारी बाई एकेक दांडा मोजून बाजूला काढते आणि विचारते, किती? तुम्ही “चार” म्हणालात तर ती हात थांबवून तुमच्या चेहऱ्याकडे बघेल, कारण तिला वाटेल की तुम्ही स्मशानात निघाला आहात. मोठा गुच्छ असेल तर कुणी मोजत बसत नाही, पण हातात मावतील एवढ्या फुलांना हा नियम कडक आहे. पिवळा रंग जुन्या पिढीला ताटातुटीचा वाटतो, म्हणून टाळलेला बरा. आणि लाल कार्नेशन घेऊ नका. तुम्ही जाताय तो आठवडा ९ मे च्या विजयदिनाचा आहे. त्या दिवसांत दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मारकांवर याच फुलांचा खच पडलेला असतो, त्यामुळे घरी ती नेणं कानाला खटकेल असं काही बोलण्यासारखंच. ट्यूलिप घ्या, मे महिन्यात छान मिळतात. फुलं तुम्ही द्या, बायकोने नको; पुरुषाने यजमानीणबाईंच्या हातात द्यायची ही रीत आहे. घरात आजी असेल तर तिच्यासाठी वेगळी, छोटी का होईना, पण विषमच. आजी खूश झाली की निम्मी बाजी मारली समजा.

वेळेवर पोचा. दहा-पंधरा मिनिटं उशीर चालतो, लवकर जाणं चालत नाही. अर्धा तास आधी घंटा वाजली तर बाई अजून चुलीपाशी, साध्या कपड्यांत असते. दार उघडल्यावर उंबऱ्यावरून हात मिळवू नका, फुलंही पुढे करू नका. घराचा रखवालदार आत्मा, दोमोवोय, उंबऱ्याखाली राहतो असा जुना समज आहे. एक तर तुम्ही पूर्ण आत या किंवा यजमान बाहेर येतील, मग हस्तांदोलन. बूट तिथेच पॅसेजमध्ये काढायचे. हे आपल्याला सवयीचंच आहे, पण पुढे अनवाणी चालू नका. दाराशी सपातांची रांग असते, त्यातली जोडी तुमच्यापुढे सरकवली जाईल ती घालायची. “नको, आम्हाला सवय आहे” म्हणालात तर बाईंना खरोखर काळजी वाटेल की तुम्ही गारठणार. गार फरशी, उघड्या खिडकीतून येणारा झोत आणि ओले केस या तीन गोष्टींची रशियन आईला धास्ती असते. तुमची लेक दगडी कट्ट्यावर बसलेली दिसली तर अनोळखी आजीसुद्धा तिला उठवेल. मोजे धड आहेत ना, तेवढं निघण्याआधी बघा. जॅकेटला आतून मानेपाशी अडकवायची नाडी आहे ना, तेही. ती तुटलेली असली की खुंटीवरून जॅकेट सारखं पडतं आणि तेवढ्यात कुणीतरी सुई-दोरा घेऊन बसतं, हे मी पाहिलेलं आहे.

चेहऱ्यांवर सुरुवातीला हसू दिसलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. उगाच हसत राहण्याची पद्धत नाही. तासाभरात तेच लोक तुमच्या खांद्यावर हात ठेवून बोलत असतील. वयाने मोठ्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. नावापुढे वडिलांच्या नावावरून केलेलं दुसरं नाव जोडतात, उदाहरणार्थ येलेना निकोलायेव्ना. मुलीकडून ते दोन्ही आधी लिहून घ्या आणि पाठ करा. भेटवस्तूंपेक्षा याचा परिणाम जास्त होतो, असं माझं ठाम मत आहे.

आता जेवण. मुलीला याच आठवड्यात फोन करायला सांगा, तिथे गेल्यावर नाही. “आईबाबा मांस खात नाहीत” एवढंच सांगून भागत नाही. अनेक घरांत मांस म्हणजे गाय-डुकराचं, कोंबडी आणि मासे त्यात धरत नाहीत, आणि हाडांच्या पाण्यात उकळलेलं सूप तर ‘भाज्यांचं’च असतं. म्हणून यादी करून सांगायचं: मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत, सॉसेज नको, मांसाचं पाणी नको. अंडं चालतं की नाही, दूध-लोणी चालतं, हेही. तिथल्या लोकांना समजेल अशी एक सोपी वाट आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ईस्टरच्या आधी लांबलचक उपास धरतात, त्यात मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य असतं. अशा जेवणाला ‘पोस्नोये’ म्हणतात. मुलीने “पोस्नोये, पण मासे नकोत आणि दूध-लोणी चालेल” असं सांगितलं की बाईंच्या डोळ्यांपुढे लगेच पदार्थ येतात: बीट, बटाटा, गाजर, खारवलेली काकडी यांची तेलातली कोशिंबीर विनेग्रेत, मशरूम घातलेले बटाटे, कोबीचं सारण भरलेले पाव, बकव्हीटची खिचडी, बटाट्याचे किंवा आंबट चेरीचे उकडलेले वारेनिकी. आधी कळवणं उद्धट वाटेल अशी भीती बाळगू नका. न कळवता जाऊन, तिने राबून केलेल्या टेबलावर नुसता पाव खात बसलात तर खरा अपमान होतो. सणासुदीला हमखास असणाऱ्या ऑलिव्हिए सॅलडमध्ये बारीक चिरलेलं सॉसेज असतं आणि ते बटाट्यात दिसतही नाही, तेवढं लक्षात ठेवा.

टेबल पहिल्यांदा बघाल तेव्हा वाटेल की हेच सगळं जेवण. नाही. त्या नुसत्या झाकुस्की, तोंडी लावण्याचे गार पदार्थ. त्यावरच पोट भरलंत तर तासाभराने गरम मुख्य पदार्थ येईल तेव्हा पंचाईत होईल, आणि त्यानंतर चहा-केक बाकीच असतो. ताट रिकामं दिसलं की पुन्हा वाढलं जातं, तेव्हा थोडं-थोडं घ्या, सगळ्याची चव घ्या, आणि काय आवडलं ते नाव घेऊन सांगा. कृती विचारलीत तर फारच उत्तम. बाई कागद घेऊन बसेल. पाव मात्र ताटात टाकून उठू नका. लेनिनग्राडच्या ८७२ दिवसांच्या वेढ्यात, १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, मुलांना आणि कामावर नसलेल्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता. युद्धातल्या उपासमारीच्या आठवणी देशभर घराघरांत आहेत आणि ज्यांनी ती भोगली नाही तेही पावाचा तुकडा टाकताना कचरतात. जुन्या इमारतींत स्वयंपाकघर पाच-सहा चौरस मीटरचं असतं. घर तसं असेल तर मोठ्या खोलीत टेबल मांडलं जाईल, पण चहाला तुम्हाला स्वयंपाकघरात बोलावलं तर समजा की तुम्ही आता परके राहिला नाहीत. तुमच्या मुलीला टेबलाच्या कोपऱ्यावर बसू दिलं जाणार नाही. कोपऱ्यावर बसलेल्या मुलीचं सात वर्षं लग्न होत नाही म्हणे.

कझानबद्दल एक वेगळी गोष्ट. शहरात निम्म्याच्या आसपास लोक तातार आहेत, म्हणजे परंपरेने मुस्लीम. मुलीला आधी विचारा की घर रशियन आहे की तातार, की मिश्र, कारण तशीही खूप आहेत. तातार घरात दारूची बाटली भेट नेऊ नका. तुम्ही स्वतः घेत नाही तेव्हा रशियन घरातही नेण्याचं कारण नाही, कुणी अपेक्षा करत नाही. तातार घरात चहा दूध घालून मिळेल, रशियन घरात कोरा आणि लिंबाची चकती. तातारांच्या बहुतेक भाजलेल्या पदार्थांत मांस असतं, पण किस्तिबी विचारून बघा: दुमडलेल्या गरम पोळीत बटाट्याचा मऊ लगदा, वरून लोणी. तुमची चांगली सोय होईल. पाहुण्यांपुढे तळलेल्या कणकेच्या तुकड्यांचा मधात बांधलेला चक-चक येतो. कणकेत अंडं असतं, तेव्हा ते तुमचं तुम्ही ठरवा. पाव आणि मीठ घेऊन दाराशी स्वागत करण्याची चित्रं तुम्ही पाहिली असतील. ते लग्नात आणि सरकारी समारंभात असतं, शनिवारच्या जेवणाला नाही.

दारूला नाही म्हणायचं तर पहिल्याच ग्लासाला म्हणा आणि ठाम म्हणा. “थोडीशी चालेल” म्हणालात की संध्याकाळभर आग्रह सोसावा लागेल. तुम्ही मुळातच घेत नाही हे सांगूनही कुणी मागे लागलं तर डॉक्टरांनी मनाई केलीय म्हणा, त्यापुढे कुणी जात नाही. ग्लास मात्र रिकामा ठेवू नका. क्रॅनबेरीचं मोर्स किंवा फळं उकळून केलेला कंपोत त्यात असू द्या, कारण प्रत्येक वेळी शुभेच्छा बोलून मगच पितात आणि त्यात तुमचाही सहभाग हवा असतो. तुमची पाळी येणारच. चार वाक्यं तयार ठेवा: बोलावल्याबद्दल, घराबद्दल, यजमानीणबाईंच्या हाताबद्दल, आणि परमुलखात तुमच्या लेकीला माया लावल्याबद्दल. हे शेवटचं मनापासून बोललात तर टेबलावर कुणीतरी डोळे पुसेल. तिसरी शुभेच्छा बहुतेक घरांत प्रेमासाठी किंवा स्त्रियांसाठी असते. सैनिकांच्या घरात ती गेलेल्यांसाठी असते, सगळे उभे राहतात, बोलत नाहीत, ग्लासला ग्लास लावत नाहीत. विजयदिनाच्या आठवड्यात हे तुमच्यासमोर घडू शकतं. इतरांकडे बघा आणि तसंच करा. रिकामी बाटली टेबलावरून उचलून जमिनीवर ठेवली तर दचकू नका, तीही रीतच.

गप्पांना राज कपूर पुरतो, मिथुनही पुरतो. मुलांचं शिक्षण, शेती, बागेतल्या भाज्या, औषधी काढे हे विषय कधी संपत नाहीत. युक्रेनचा विषय तुम्ही काढू नका. एकाच कुटुंबात दोन मतं असतात, कुणाचा मुलगा तिथे असतो, आणि तुम्ही गेल्यावर त्याचं भांडण त्यांच्याच घरात होतं. त्यांनी काढला तर ऐका. बाईंचा वाढदिवस पुढच्या आठवड्यात आहे असं कळलं तरी आधीच शुभेच्छा देऊ नका, अपशकुन मानतात. घरात कुणी गरोदर असेल तर बाळासाठी आधी काही नेऊ नका.

चार-साडेचार तास जातील हे गृहीत धरा. चहा येईपर्यंत उठायचं नाही. चहा-केक झाला की मग उठण्याची भाषा. ती केल्यावरही अर्धा तास दारात जातो, तो निघण्यातच मोजलेला असतो. निघताना तुमच्या हातात काहीतरी येणार: रास्पबेरीचा मुरंबा, मध, सुकवलेले मशरूम, दाचावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या बागेतल्या घराच्या, काकड्यांची बरणी. घ्या. एकदा “अहो कशाला” म्हणा, दुसऱ्यांदा नको. विमानात बरणी हातातल्या बॅगेत चालणार नाही, चेक-इनच्या सामानात कपड्यांत गुंडाळून ठेवा. बरणी वसतिगृहातच संपली तर मुलीने ती धुऊन परत करावी, आणि रिकामी नाही. आपण शेजारचा डबा परत करताना करतो तसंच, आत चार गोड गोळ्या तरी घालून. काचेच्या बरण्यांचा हिशेब तिथल्या बायका पक्का ठेवतात, उन्हाळ्याअखेर पुन्हा भरायच्या असतात. खोलीवर पोचलात की लगेच कळवा. तुमचा निरोप येईपर्यंत ती माउली झोपणार नाही.

रोख पाकीट देऊ नका. ते लग्नात ठीक, जेवणाच्या आमंत्रणाला विचित्र दिसतं.

डीनबद्दल. सोव्हिएत काळापासून डॉक्टर आणि शिक्षकांना चॉकलेटचा डबा आणि कोन्याक, म्हणजे ब्रँडी, द्यायची सवय आहे, पण आता कायद्यात मर्यादा आहे. नागरी संहितेच्या कलम ५७५ प्रमाणे शैक्षणिक आणि वैद्यकीय संस्थांतल्या कर्मचाऱ्यांना विद्यार्थ्यांनी किंवा त्यांच्या नातेवाइकांनी दिलेली भेट ३,००० रूबलपेक्षा जास्त किमतीची असू नये. परीक्षेच्या तोंडावर तर काहीच देऊ नका, त्याचा अर्थ वेगळा लागतो, आणि मे म्हणजे परीक्षा जवळ आलेल्याच असतात. मुलीचा निकाल लागल्यावर तिनेच चहाचं एक पाकीट नेऊन दिलं तर कुणाची हरकत नसते.